देवगिरीच्या यादवांची वंशावळ आणि आपली कुळे
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या वर्षीच्या स्मरणिकेत आपल्या ज्ञातीचा वंशवृक्ष छापावा, त्याच्या मुळाशी देवगिरीचे यादव राजघराणे असावे आणि शेंड्याकडील फांद्यांवर आपली आजची कुळे असावीत, असा ठराव कार्यकारी मंडळाने केला आणि त्या वृक्षाचा मजकूर तपासून देण्याचे काम आमच्याकडे सोपविले. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले शाळामास्तर. ताम्रपट वाचण्याची विद्या आम्हास अवगत नाही. ज्यांनी ते वाचले त्यांचे ग्रंथ मात्र आम्ही यथाशक्ति चाळले आहेत. आमच्या हाती जो कच्चा वृक्ष आला तो पाहून आनंद झाला आणि काळजीही वाटली. काळजी का वाटली, ते सांगण्यासाठीच आज आपणापुढे उभे राहिलो आहोत.

प्रथम हे पाहू, की ही यादवांची वंशावळ आपणास कळली कशी. देवगिरीचा राजा महादेव याचा श्रीकरणाधिप हेमाद्रि, ज्याला आपण हेमाडपंत म्हणतो, त्याने चतुर्वर्गचिंतामणि नावाचा धर्मशास्त्रावरील प्रचंड ग्रंथ रचला. त्यातील व्रतखंडाच्या आरंभी आपल्या धन्याच्या कुळाची प्रशस्ति त्याने जोडली आहे. दुसरे साधन ताम्रपट आणि शिलालेख यांचे. या दोन्ही साधनांचा मेळ घालून डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी १८८४ साली दख्खनच्या प्राचीन इतिहासावरील आपल्या ग्रंथात या घराण्याची वंशावळ सुसंगत रीतीने मांडली. पुढील विद्वानांनी तीत भर घातली, काही ठिकाणी दुरुस्त्याही केल्या. आपल्या कच्च्या वृक्षातील वरची नावे बहुतांशी याच वंशावळीतून उतरलेली आहेत.

हेमाद्रीची प्रशस्ति पुराणातील यदुराजापासून सुरू होते आणि द्वारकेच्या सुबाहूपर्यंत येते. सुबाहूने आपले राज्य चार पुत्रांत वाटून दिले, दुसरा पुत्र दृढप्रहार याच्या वाट्यास दक्षिण दिशा आली, आणि तेथून हे घराणे सुरू झाले, असे तो सांगतो. यादव राजे स्वतःला द्वारावतीपुरवराधीश्वर म्हणवीत. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. कर्नाटकात द्वारसमुद्रास राज्य करणारे होयसळ राजेही आपणांस यदुवंशीयच म्हणवीत आणि नेमकी हीच पदवी मिरवीत. ही दोन यदुकुळे आपसात पिढ्यान्‌पिढ्या लढली. द्वारकेहून एकच वंश निघाला, की दोन निघाले, की एकही निघाला नाही, हे ठरविण्यास कोणताही ताम्रपट उपयोगी पडत नाही. त्या काळी सिंहासनावर बसणाऱ्याने सोमवंश किंवा सूर्यवंश सांगावा अशी रीतच होती. लग्नात नवरदेवाने मुंडावळ्या बांधाव्यात तशी ती होती. तिला खोटेपणा म्हणण्याचे कारण नाही, पण तो पुरावाही नव्हे.

आता दृढप्रहाराविषयी. याचा काळ नवव्या शतकाचा उत्तरार्ध मानतात आणि त्याचे ठाणे चंद्रादित्यपूर, म्हणजे नाशिक जिल्ह्यातील आजचे चांदवड, असे समजले जाते. चौदाव्या शतकात जिनप्रभसूरि नावाचे एक जैन आचार्य होऊन गेले. त्यांनी तीर्थांची वर्णने लिहिली, त्यांत नाशिकच्या प्रकरणात या पुरुषाची एक कथा दिली आहे. द्वारका जळाली तेव्हा त्याची माता गर्भवती होती, ती वाचली आणि पुढे हा पुत्र झाला, असा तिचा पूर्वार्ध. उत्तरार्ध आम्हास अधिक मोलाचा वाटतो. चोरांनी नगरातील गुरे वळवून नेली. दृढप्रहाराने एकट्याने त्यांचा पाठलाग केला, त्यांच्याशी झुंज दिली आणि गुरे परत आणली. त्यावर लोकांनी संतोषून त्यास नगराचा तलार, म्हणजे रक्षक, नेमले.

मंडळी, या कथेचा पूर्वार्ध आपल्या कच्च्या वृक्षाच्या प्रस्तावनेत सविस्तर आला आहे. उत्तरार्ध तेवढा गळला आहे. तो का गळला हे आम्ही विचारले नाही, पण ओळखले. तलार या शब्दाशी आपल्या गावगाड्यातील तराळ हा शब्द फार जवळचा वाटतो. रात्री गावाची राखण करणाऱ्या, वेशीवर उभा राहणाऱ्या त्या तराळाला आपल्या आजापणजांनी ओट्यावर बसू दिले नाही, हे आपणांपैकी वयोवृद्धांना ठाऊक आहे. ज्या राजवंशाच्या नावाने आपण मान उंच करू पाहतो, त्याचा मूळ पुरुष लोकांच्या गुरांसाठी जीव धोक्यात घालून राखणदारीस लागला, असे जुन्या कथेत आहे. ही कथा घ्यावयाची असेल तर सगळीच घेतली पाहिजे.

दृढप्रहाराचा पुत्र सेऊणचंद्र. त्याने सेऊणपूर वसविले आणि त्याच्या नावावरून नाशिक-खानदेशाच्या बाजूच्या मुलखास सेऊणदेश हे नाव पडले. म्हणूनच विद्वान या घराण्यास सेऊण असेही म्हणतात. त्यानंतर धाडियप्प, भिल्लम, राजुगी, वड्डिग अशी नावे येतात. ही सारी मंडळी प्रथम राष्ट्रकूटांची आणि मग कल्याणीच्या चालुक्यांची मांडलिक होती. वृक्षात यांतील प्रत्येकाच्या नावामागे ‘महाराजाधिराज’ लावले आहे, ते काढावे लागेल. नावांचे वळण पाहिले तर त्यांत कानडी छटा स्पष्ट दिसते, आणि या घराण्याचे कानडी शिलालेखही पुष्कळ आहेत. हे घराणे मूळचे मराठी की कानडी, या प्रश्नावर विद्वानांत मोठा वाद झाला आहे. त्या वादात आम्ही पडत नाही. गोदावरीपासून मलप्रभेपर्यंत ज्यांचा वावर होता, त्यांना घरात दोन भाषा बोलण्यात अडचण वाटत नसावी. सोलापूर, विजापूर या बाजूंच्या आपल्या ज्ञातिबांधवांना आजही वाटत नाही.

या प्रारंभीच्या काळातील एक ताम्रपट मात्र विशेष सांगण्याजोगा आहे. दुसऱ्या भिल्लमाचा हा ताम्रपट संगमनेरचा असून तो शके ९२२, म्हणजे इ. स. १००० चा आहे. चालुक्य तैलपाच्या बाजूने माळव्याच्या मुंजाशी लढलेला भिल्लम तो हाच. या ताम्रपटात त्याच्या राणीचा, लक्ष्मीचा, गौरवाने उल्लेख आहे. लच्छियव्वा हे तिचे दुसरे नाव. ती झंझ राजाची कन्या आणि आईकडून राष्ट्रकूटांच्या कुळातली. पुढे तिसऱ्या भिल्लमाची राणी चालुक्य जयसिंहाची मुलगी होती. म्हणजे शिलाहार, राष्ट्रकूट आणि चालुक्य या तिन्ही कुळांचे रक्त या घराण्यात लेकीसुनांच्या वाटेने आले आणि त्यांच्या राजकारणातील वजनासही या सोयरिकींनी हातभार लावला. असे असून आपल्या वंशवृक्षात एकाही स्त्रीचे नाव नाही. वरच्या राजांच्या भागात नाही, खालच्या आपल्या भागातही नाही. ताम्रपट कोरणाऱ्याने हजार वर्षांपूर्वी जे केले ते करणे आपणास कठीण जाऊ नये.

शके ९९१ च्या, म्हणजे १०६९ च्या, वसईच्या ताम्रपटात दुसऱ्या सेऊणचंद्रापर्यंतची परंपरा मिळते. येथवर वाट बरीच धड आहे. त्यानंतर ती मोडते. पुढल्या शतकात मल्लुगी, अमरगांगेय, गोविंदराज, बल्लाळ अशी नावे येतात, पण कोण कोणाचा पुत्र आणि कोण कोणाचा पुतण्या याचा गोंधळ आहे. आश्चर्य असे, की ज्याने या घराण्यास स्वतंत्र राज्य मिळवून दिले त्या पाचव्या भिल्लमाच्या पित्याविषयीही एकवाक्यता नाही. हेमाद्रि त्यास मल्लुगीचा पुत्र म्हणतो. शके १११३, म्हणजे ११९१ चा, गदगचा लेख त्याच भिल्लमाचा. त्यात तो कर्णाचा पुत्र आहे. हेमाद्रि हा राजाच्या दप्तराचा मुख्य, राज्यातील सर्व लेखन त्याच्या नजरेखालचे. त्याच्या आणि भिल्लमाच्या मध्ये फार तर ऐंशी वर्षे. तरीही दोहोंत ही तफावत! आपण तर सातशे वर्षांपलीकडचा बाप नक्की करावयास निघालो आहोत.

भिल्लमाने ११८७ च्या सुमारास चालुक्यांचे मांडलिकत्व झुगारले आणि देवगिरी ही राजधानी केली. सोरटूरच्या लढाईत मात्र होयसळ वीरबल्लाळाने त्यास मोठा तडाखा दिला. त्याचा पुत्र जैतुगी आणि नातू सिंघण. सिंघणाच्या वेळी राज्य खऱ्या अर्थाने भरास आले. पन्हाळ्याचा शिलाहार भोज नामशेष झाला आणि दक्षिणेकडील गेलेला मुलूखही परत मिळाला. त्याच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकर लिहिला. पण आम्हास त्याच्या काळातील सर्वांत प्रिय वस्तु म्हणजे चाळीसगावजवळील पाटणचा शिलालेख. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून पाटण येथे मठ स्थापन झाला आणि त्यास निकुंभ वंशातील सामंताने नेमणूक करून दिली. शके ११२८ चा हा लेख डॉ. भाऊ दाजी यांनी उजेडात आणला. याही लेखात वंशावळ आहे, पण ती पंडितांची; बाप ग्रंथकार, मुलगा ग्रंथकार, नातू अध्यापक. शाळामास्तराला ती अधिक आवडली तर त्यास क्षमा असावी.

वंशावळीच्या कागदावर सिंघणाखाली नातू कृष्ण, मग कृष्णाचा भाऊ महादेव, मग कृष्णाचा पुत्र रामचंद्र असा क्रम शांतपणे लिहिलेला असतो. घडले ते शांतपणे घडले नाही. महादेवाने उत्तर कोकणच्या शिलाहार सोमेश्वराचा समुद्रावर पराभव केला आणि त्यात सोमेश्वर बुडाला. महादेवानंतर त्याचा पुत्र आम्मण गादीवर बसला. रामचंद्राने १२७१ साली, नटांच्या मेळ्याच्या वेषात आपली माणसे गडावर नेऊन, आम्मणास पकडले अशी हकीकत आहे. त्याचे डोळे काढण्यात आले. आपल्या कच्च्या वृक्षात आम्मण नाहीच. ज्याचे डोळे गेले त्याचे नावही आपण काढावे काय?

हाच रामचंद्र पुढे अठ्ठावीस पिढ्या आपल्या ध्यानात राहिला तो मुख्यतः ज्ञानेश्वरांमुळे. शके १२१२ मध्ये पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या शेवटी त्याचा उल्लेख आहे. पंढरपूरच्या चौऱ्यांशीच्या शिलालेखातही, जो १२७३ ते १२७७ या वर्षांतील आहे, रामचंद्राचे आणि हेमाडपंताचे नाव येते. तो लेख म्हणजे देवळास दान देणाऱ्यांची यादी. राजा आणि मंत्री यांच्या जोडीने ज्यांच्याविषयी इतर काहीही ठाऊक नाही अशा साध्या भाविकांची नावे त्याच दगडावर कोरलेली आहेत.

जाता जाता हेमाडपंताविषयी एक कबुली देतो. कोणतेही चुन्यावाचून बांधलेले जुने दगडी देऊळ दिसले की ते हेमाडपंताने बांधले, असे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. अंबरनाथच्या देवळातील लेख शके ९८२ चा, म्हणजे १०६० चा आहे. हेमाडपंताच्या जन्माआधी दीडशेहून अधिक वर्षे ते देऊळ उभे होते. हे आम्हास निवृत्तीनंतर कळले. ज्या मुलांना चूक शिकवली त्यांना आता कोठे शोधावे?

शेवटचा भाग आपणांपैकी बहुतेकांस परिचित आहे. १२९६ साली कड्याचा सुभेदार अल्लाउद्दीन अचानक देवगिरीवर येऊन ठेपला. फौज युवराज शंकरदेवाबरोबर दूर गेलेली. किल्ल्यात घाईने चढविलेल्या गोण्यांत धान्याऐवजी मीठ निघाले, असे फिरिश्ता या इतिहासकाराने पुढे लिहून ठेवले आहे. १३०७ च्या सुमारास मलिक काफूरची स्वारी झाली, रामचंद्रास दिल्लीस नेले आणि रायरायान ही पदवी देऊन परत पाठविले. १३११ च्या सुमारास तो वारला. शंकरदेवाने खंडणी नाकारली आणि १३१३ मध्ये तो मारला गेला. रामचंद्राचा जावई हरपाळदेव याने पुन्हा उठाव केला. त्यास १३१८ च्या सुमारास दिल्लीच्या सुलतानाने पकडून अंगाची कातडी सोलून मारले. येथे देवगिरीचे राज्य संपले. ध्यानात घ्या, शेवटचा झुंजणारा पुरुष जावई होता, म्हणजे पुरुषपरंपरेच्या वृक्षात त्यासही जागा नाही.

यानंतर काय? सिंदखेडचे जाधव घराणे आपली परंपरा या यादवांपर्यंत नेते आणि ती परंपरा महाराष्ट्रात मान्यता पावलेली आहे. जिजाऊसाहेबांचे वडील लखुजी जाधवराव १६२९ साली निजामशहाच्या दरबारात दगलबाजीने मारले गेले, तेही याच देवगिरीच्या, तेव्हाच्या दौलताबादच्या, किल्ल्यावर. हा योग मनाला चटका लावणारा आहे. तथापि हरपाळदेवाचे मरण आणि लखुजींचे मरण यांत तीनशे वर्षांहून अधिक अंतर आहे. त्या अंतरातील नावे कौटुंबिक परंपरेतून आलेली आहेत, यादवकालीन शिलालेखासारखा आधार त्यांना नाही. इतक्या मोठ्या घराण्याची ही स्थिति, तर आपल्या साध्या कुळांची काय असणार!

आम्ही आमच्याच घरापासून आरंभ केला. आमच्या पेटीत जो सर्वांत जुना मोडी कागद आहे तो सुमारे दोनशे वर्षांपूर्वीचा, एका विहिरीच्या पाण्याच्या पाळ्यांविषयीचा. त्यातील पुरुषापर्यंत आमची सात नावे लागतात. तो पुरुष आणि हरपाळदेव यांच्यामध्ये पाचशे वर्षे, म्हणजे पंचवीस वर्षांची एक पिढी धरली तर वीस पिढ्या. कच्च्या वृक्षात या वीस पिढ्यांच्या जागी चार नावे आहेत आणि ती चारही एका भाटाने सांगितलेली आहेत. त्या हिशोबाने एकेका पुरुषाने सव्वाशे वर्षे संसार केला असे होते.

आणखी एक हिशोब मुलांकडून करून घेण्याजोगा आहे. प्रत्येकास आईबाप दोन, आजेआज्या चार, त्यामागे आठ. असे वीस वेळा दुप्पट करीत गेले की १०,४८,५७६ हा आकडा येतो. आपसात सोयरिकी होत गेल्यामुळे तीच माणसे पुनःपुन्हा येतात हे खरे. तरी या लाखो जागांपैकी वंशवृक्षाची रेघ फक्त एकीस शिवते. उरलेल्या जागांवर कोण होते? शेतकरी, गवंडी, तेली, राखणदार, कदाचित एखादा राजाही. आपण त्यांतून राजा तेवढा निवडला आणि बाकीच्यांस घराबाहेर काढले.

हे आम्ही समितीत बोललो तेव्हा एक वडीलधारे गृहस्थ फार कष्टी झाले. ते म्हणाले, “गुरुजी, आमच्या वडिलांनी मरताना आम्हास एवढेच सांगितले होते, की बाबा, आपण राजाची माणसे. जमीन गेली, वाडा पडला, एवढे एक राहिले होते. तेही तुम्ही घेता?” आम्हास तत्काळ उत्तर सुचले नाही. रात्री झोप आली नाही, हेही सांगतो. या गृहस्थांच्या वडिलांना आम्ही पाहिले आहे. दुष्काळात त्यांनी आपली बैलजोडी विकली, पण शेजाऱ्याचे बी उसने घेतलेले परत केले, ही गोष्ट गावात अजून सांगतात. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या घरी गेलो आणि ती बैलजोडीची हकीकत त्यांच्याच तोंडून लिहून घेतली. साल, बैलांची नावे, बियाचे माप, सर्व. ते लिहून होईपर्यंत दुपार झाली, आणि वहिनींनी आम्हास जेवल्यावाचून सोडले नाही. वडिलांचा शब्द राजाविषयीचा होता. तो शब्दही त्यांच्या नावाने, त्यांनी सांगितला तसा, आम्ही लिहिला आहे. घरात असे सांगत आले आहेत, एवढे लिहिण्यास कोणाचीच हरकत नसावी.

तेव्हा आम्ही तपासून दिलेला मजकूर असा आहे. डाव्या पानावर देवगिरीच्या यादवांची वंशावळ येईल, दृढप्रहारापासून हरपाळदेवापर्यंत. ज्या नावास ताम्रपट किंवा शिलालेख आहे त्यापुढे त्याचा शक, जेथे मतभेद आहे तेथे दोन्ही मते, आणि लच्छियव्वा व आम्मण यांची नावे यथास्थान. उजव्या पानावर आपली कुळे, ज्या नावापर्यंत कागद आहे तेथून खाली. दोन्ही पानांच्या मधून कोणतीही रेघ जाणार नाही. छपाईसाठी ज्या बंधूंनी वर्गणी दिली आहे, त्यांना हे मान्य नसल्यास ती परत करण्याची तयारी चिटणीसांनी दाखविली आहे.

उजवे पान आज फार अपुरे आहे. ते भरण्यासाठी प्रत्येक कुटुंबास एक छापील तक्ता देत आहोत. त्यात आईचे माहेरचे नाव आणि गाव यांसाठी वेगळे रकाने आहेत, ते रिकामे ठेवू नयेत. घरातील जुने मोडी कागद, सातबारा, खरेदीखते, शाळेचे दाखले, जन्ममृत्यूच्या नोंदी यांच्या प्रती जोडाव्यात. मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नये, आमच्याही नाही. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर येथे क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत आपले पूर्वज येऊन गेल्याच्या नोंदी असतात. या वर्षी कोणी तिकडे गेल्यास आपल्या गावाची वही काढून घेऊन नावे व तारखा उतरून आणाव्यात. भाटाने सांगितलेली नावेही पाठवा, मात्र ‘भाटाने सांगितले’ असे त्यापुढे लिहा. मोडी वाचता येणारे दोघे वृद्ध गृहस्थ अद्याप आपल्यात आहेत आणि त्यांनी रविवारी सकाळी कार्यालयात बसण्याचे कबूल केले आहे. तक्ते दिवाळीपूर्वी यावेत. सभामंडपाच्या दाराशी ते ठेवले आहेत, जाताना प्रत्येकाने एकेक न्यावा.